'निर्मूलन' छापण्याआधी: गोव्यातील मराठी संपादकांना खुले पत्र

गोव्यातील मराठी दैनिकांचे संपादक, उपसंपादक आणि वार्ताहर, तसेच सरकारी खात्यांतून मराठी प्रसिद्धिपत्रके काढणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीत राहतो. बरीच वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. आता निवृत्त आहे आणि सकाळी हाती लागतील ती सगळी मराठी वर्तमानपत्रे वाचतो. आपल्या मेहनतीची मला जाणीव आहे. रात्री उशिरा बातमी येते, जागा थोडी असते आणि मथळा दोन ओळींत बसवायचा असतो. तरीही हे पत्र लिहायचे ठरवले, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे ती केवळ शुद्धलेखनाची असती तर मी गप्प बसलो असतो.

एखादी गोष्ट पुरती नाहीशी करणे किंवा होणे, यासाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे! निर्मूलन, उच्चाटन, उच्छेद, विध्वंस, नायनाट, बीमोड, निःपात, निर्दालन, संहार, सफाया, खातमा, नामशेष, निःशेष, नेस्तनाबूत, जमीनदोस्त, भुईसपाट, बेचिराख, उद्ध्वस्त, उजाड, धूळधाण, वाताहत, सत्यानाश. शब्दकोशात हे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून शेजारी शेजारी दिलेले असतात. पण भाषेत वावरणाऱ्या माणसाला ठाऊक असते की यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी सहज बसत नाही. बंडाचा बीमोड होतो, घराचा होत नाही. इमारत जमीनदोस्त होते, साथ होत नाही. घराण्याचा उच्छेद होतो, पुलाचा होत नाही.

आज आपल्या पानांवर मात्र यांतले दोनच शब्द राबताना दिसतात: 'निर्मूलन' आणि 'उद्ध्वस्त'. डासांचे निर्मूलन, प्लास्टिकचे निर्मूलन, भटक्या कुत्र्यांचे निर्मूलन, झोपड्यांचे निर्मूलन. शेती उद्ध्वस्त, डोंगर उद्ध्वस्त, जुने वाडे उद्ध्वस्त. ज्या गोव्यात रोज काही ना काही नाहीसे होत आहे, तिथल्या वाचकाला अशा बातमीतून तीन गोष्टी कळायला हव्यात. मागे काय उरले? गेले ते परत येऊ शकते का? आणि हे कोणी केले? आपल्या पूर्वजांनी इतके शब्द घडवले ते या तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देण्यासाठीच. सगळीकडे एकच शब्द छापला की तिन्ही उत्तरे पुसली जातात.

आधी आरोग्याच्या बातम्या घेतो, कारण तिथे चुकीच्या शब्दाने माणूस दगावू शकतो.

निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. मूळ उपटल्यावर पुन्हा फुटवा येत नाही, ही त्या शब्दाची ग्वाही आहे. माणसाला होणाऱ्या रोगांपैकी ही ग्वाही आजवर एकाच रोगाबाबत पाळली गेली, ती म्हणजे देवी. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. गुरांच्या रोगांत ते भाग्य बुळकांडीला २०११ साली लाभले. बस, दोनच. आणि देवीच्या बाबतीतही 'निःशेष' हा शब्द चालणार नाही, कारण तिचा विषाणू अमेरिकेतल्या आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत आजही राखून ठेवलेला आहे. निर्मूलन झाले, पण शेष उरला. दोन प्रतिशब्दांमध्ये केवढे अंतर असू शकते हे यावरून दिसावे.

आता हिवताप पाहा. देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. यश इतके झपाट्याने आले की १९५८ मध्ये त्याचे नावच बदलून निर्मूलन कार्यक्रम असे केले गेले. १९६१ साली देशभरातील रुग्णसंख्या ५० हजारांच्या आसपास उतरली होती. मग लक्ष ढळले, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. पुढे कार्यक्रमाच्या नावातून 'निर्मूलन' काढावे लागले. नावामुळे डास वाढले असे मी म्हणत नाही. पण ज्या रोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे लोक ऐकतात, त्या रोगासाठी पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवायची तसदी कोण घेईल आणि का घेईल? पणजीत, वास्कोत, मडगावात जिथे जिथे इमारती उठल्या तिथे तिथे साचलेल्या पाण्यासोबत हिवतापही आला, हे आपल्या आरोग्य खात्याला चांगले माहीत आहे. बांधकाम मजुरांना आरोग्य कार्डे द्यावी लागली ती त्यामुळेच.

रेबीजचे उदाहरण तर आपल्या अभिमानाचे आहे. कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाच्या बळावर २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित ठरला, आणि असे ठरणारे ते देशातले पहिले राज्य. ज्यांनी जाळी घेऊन वाड्यावाड्यांवर कुत्री धरली आणि लस टोचली, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण 'रेबीज-नियंत्रित'चे मथळ्यात 'रेबीजमुक्त' झाले आणि पुढे 'रेबीजचे निर्मूलन'. सीमेपलीकडून येणाऱ्या कुत्र्याला पत्रादेवीचे किंवा मोलेचे चेकनाके कळत नाहीत. 'निर्मूलन झाले' असे वाचलेला बाप मुलाला कुत्रा चावल्यावर जखम धुऊन हळद लावून घरी बसला, तर त्याला दोष कसा द्यायचा? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की औषध नाही. तिथे एका शब्दावर जीव टांगलेला असतो.

आपल्या भाषेत यासाठी सोय नाही असेही नाही. शेजारच्या महाराष्ट्रात क्षयरोग आणि हत्तीरोगाच्या कार्यक्रमांना 'दूरीकरण' हा शब्द वापरतात. फार चांगला शब्द आहे तो. रोग दूर सारला आहे, संपलेला नाही, पहारा ढिला केला तर परत येईल, एवढे सगळे त्यात आले. नियंत्रण म्हणजे रोग आटोक्यात, दूरीकरण म्हणजे रोग आपल्या हद्दीतून किंवा ठरलेल्या पातळीच्या खाली, आणि निर्मूलन म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून कायमचा गेलेला. कुष्ठरोगाचे पाहा. २००५ च्या डिसेंबरात देशाने जे गाठले ते दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण एवढे प्रमाण होते. ते मोठे यश होते, पण निर्मूलन नव्हते, आणि त्या वेळी 'निर्मूलन' छापले गेल्यामुळे नंतर चट्टा उठलेली माणसे 'आता हा रोग कुठे राहिला' म्हणत उशिरा दवाखान्यात पोहोचू शकतात. पोलिओचेही तेच. भारताला २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, तरी डोस चालू आहेत, कारण जगात तो अजून आहे. 'निर्मूलन झाले मग डोस कशाला' असे विचारणारी आई अडाणी नसते. ती वर्तमानपत्र नीट वाचणारी असते.

माणसांच्या बाबतीत 'निर्मूलन' वाचले की मला अतिशय वाईट वाटते. फेरीवाल्यांचे निर्मूलन, भिकाऱ्यांचे निर्मूलन, झोपडपट्टीचे निर्मूलन. रोगाला लावायचा शब्द जित्या माणसाला कसा लावता येईल? अतिक्रमण हटवणे कायद्याने योग्य असेल, नसेल, त्याबद्दल आपण अग्रलेख लिहा. पण बातमीत जे घडले ते सांगा: इतकी घरे पाडली, इतकी माणसे राहत होती, ती कुठे गेली.

वास्कोची बायणा आठवून पाहा. २००४ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या दिवसांत, तिथली वेश्यावस्ती बुलडोझर लावून पाडण्यात आली. घरे जमीनदोस्त झाली हे खरे, आणि तो शब्द तिथे अचूक होता. पण वेश्याव्यवसायाचे निर्मूलन झाले का? बाया इकडे तिकडे पांगल्या, रस्त्यावर आणि लॉजमध्ये गेल्या, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचून एड्सपासून बचावाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या सापडेनाशा झाल्या. याला मराठीत नेमका शब्द आहे, उच्चाटन. मंत्रशास्त्रातल्या षट्कर्मांत मारण वेगळे मोजतात आणि उच्चाटन वेगळे. उच्चाटन म्हणजे जागेवरून हुसकून लावणे. ज्याचे उच्चाटन झाले तो कुठेतरी आहेच, फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही. हा अर्थ वाचकाला कळला असता तर त्याने पुढचा प्रश्न आपणहून विचारला असता: मग त्या गेल्या कुठे?

उच्छेद आणि विध्वंस यांतला फरक तर गोव्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. हा विध्वंस होता, आणि त्यामागचा हेतू उच्छेदाचा होता. परंतु कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. रातोरात, होडीतून, डोक्यावरून मूर्ती नेणाऱ्या लोकांनी विध्वंस आणि उच्छेद यांच्यामध्ये आपली पाठ घातली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर आमच्या डिचोली तालुक्यात नार्व्याला स्थिरावला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाची उभारणी करवली. या इतिहासावर लिहिताना कोणी 'मंदिरसंस्कृती नामशेष झाली' असे लिहितो, तेव्हा ज्यांनी ती जगवली त्यांच्यावरच अन्याय होतो. पडले ते दगड. देव, पुजारी, महाजन, गावाची आठवण, हे सगळे नदी ओलांडून गेले.

उलट जुन्या गोव्याबद्दल 'उद्ध्वस्त शहर' असे छापून येते, तेही मला पटत नाही. ते शहर कोणी एका दिवसात उद्ध्वस्त केले नाही. साथींनी माणसे मेली, उरलेली उठून गेली, अठराव्या शतकात व्हाइसरॉयने मुक्काम हलवला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा १९३१ मध्ये. याला ओस पडणे म्हणतात. ओस पडण्यात हल्लेखोर नसतो, असतो तो फक्त काळ आणि दुर्लक्ष.

आता 'बेचिराख' विषयी. बॉम्बहल्ला किंवा वणवा असला की आपण हा शब्द छापतो, कारण त्यात 'राख' ऐकू येते. मूळ फारसी शब्द आहे बे-चिराग, म्हणजे दिवा नसलेले. पूर्वीच्या महसुली दप्तरांत ज्या गावात वस्ती उरली नाही त्याची नोंद 'बेचिराग' अशी करत. गाव जळालेले नसेल, घरे उभीही असतील, पण संध्याकाळी दिवा लागत नाही. आज राखेचा अर्थ रूढ झाला आहे आणि रूढी मोडा असे मी म्हणणार नाही. मात्र सांगे तालुक्यातले कुर्डी गाव आठवले की जुना अर्थ मनात जागा होतो. साळावली धरणासाठी कुर्डी आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली. शेकडो कुटुंबांना वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव ते. तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले. सरकारी कागदांत कुर्डी 'बुडीत' आहे, वर्तमानपत्रांत कधी 'उद्ध्वस्त', कधी 'नामशेष'. पण उन्हाळ्यात पाणी उतरले की चौथरे, विहिरी, वाटा वर येतात आणि विस्थापित लोक आपल्या देवाला आणि आपल्या चॅपेलला जाऊन येतात. जे दर मे महिन्यात दिसते ते नामशेष कसे? नामशेष म्हणजे नावाखेरीज काहीही न उरणे. कुर्डीचे नावही आहे, भिंतींचे पायही आहेत, जाणारी माणसेही आहेत. तिथे फक्त दिवे नाहीत.

आणि आता त्या विषयाकडे येतो ज्यासाठी खरे तर लेखणी उचलली. आपली खाजने.

मांडवी आणि जुवारीच्या काठांवर, खाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, चिखल, पेंढा, बांबू, चिरे वापरून घातलेल्या बांधांआड शेकडो वर्षे भात पिकते आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. कोरगुट भात खारटपणा सोसते, आणि भात निघाल्यावर त्याच पाण्यात मासळी मिळते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. ही जमीन जाते कशी? एका रात्रीत नाही. आधी बांधाची डागडुजी थांबते. कधी मासळीच्या लोभाने मानशीची दारे उघडी ठेवली जातात, कधी बांध मुद्दाम फोडला जातो. खारे पाणी आत शिरते, पीक जळते, कूळ कंटाळून दुसरीकडे कामाला जाते. मग खारफुटी उगवते, मग भराव पडतो, आणि भरावावर कुंपण येते. शेवटी बातमी येते: 'पडीक जमिनीवर प्रकल्प'.

'पडीक' हा शब्द इथे सर्वांत घातक आहे. जणू जमीन आपली आपणच पडली. नुसते 'शेती उद्ध्वस्त' म्हटले तरी कर्ता सापडत नाही. आमच्या बोलण्यात 'इबाडणे' आहे. वस्तू गेली नाही पण बिघडली, अजून हात लावला तर सुधारेल, असा त्याचा भाव. बांध फुटून पाणी शिरलेल्या खाजनाला हाच भाव लागू पडतो, कारण बांध बांधून, मानस दुरुस्त करून, पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन ते पुन्हा लागवडीला येऊ शकते. म्हणजे त्या टप्प्यावर बातमी छापली तर काही करता येते. भराव पडल्यावर मात्र 'कायमचे गेले' असेच लिहायला हवे, आणि भराव कोणी टाकला तेही. या दोन अवस्थांना आपण एकच शब्द वापरला तर वाचकाला वाटते, अजून वेळ आहे, किंवा वाटते, आता काही उपयोग नाही, आणि दोन्ही वेळा तो चुकतो.

डोंगरांचे तसेच. 'डोंगर खचला' आणि 'डोंगर कापला' यांत अख्खा खटला दडलेला असतो. खचतो तो पावसाने, कापतो तो माणूस. नगरनियोजन कायद्यात विनापरवाना डोंगर कापण्याला मनाई आहे, मग कापलेला डोंगर पावसाळ्यात खाली आला की मथळ्यात तो 'खचला' एवढेच का यावे? आम्ही खाणपट्ट्यातली माणसे. जिथे टेकड्या होत्या तिथे खड्डे पाहिले आहेत, आणि त्या खड्ड्यांच्या बातम्यांत 'सपाटीकरण' हा शब्दही वाचला आहे. सड्यांना, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांना, 'ओसाड' म्हणायचेही थांबवावे अशी विनंती करतो. पहिल्या पावसानंतर जांभ्याच्या त्या कातळावर बोटभर उंचीची फुले उमलतात, कीटक खाणाऱ्या वनस्पती दिसतात, आणि तिथे मुरलेले पाणी खालच्या गावांच्या झऱ्यांना येते. ओसाड जागा कोणी घेतली तर कोणाचे काही जात नाही, असा त्या शब्दाचा परिणाम होतो.

क्रीडापानावर 'धुव्वा', निवडणुकीत 'सफाया', पोलिसांच्या बातमीत 'बीमोड' खुशाल वापरा. तिथे वाचक फसत नाही.

मागणी एवढीच आहे. प्रत्येक दैनिकाच्या संपादकीय विभागात एक पानाचे टिपण असावे. रोगांसाठी नियंत्रण, दूरीकरण, निर्मूलन हे तीन शब्द, त्यांच्या अर्थांसह, आरोग्य खात्याशी बोलून ठरवावेत आणि खात्यानेही आपल्या मराठी पत्रकांत तेच पाळावेत. माणसांबद्दल 'निर्मूलन' छापू नये. जमीन, झाड, डोंगर, पाणी यांच्या बातमीत कर्ता लिहावा. तो माहीत नसेल तर 'कोणी केले ते समजू शकले नाही' असे स्पष्ट लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी शोधायला जागा राहील. 'पडीक' लिहिताना कधीपासून आणि कशामुळे, हे एका वाक्यात यावे. राजभाषा कायद्याने १९८७ पासून मराठीला या राज्याच्या कारभारात वापराची मोकळीक आहे. ती मोकळीक अर्जापुरती राहू नये, अधिकाऱ्यांच्या पत्रकांतली मराठीही जबाबदार असावी, ही अपेक्षा गैर नाही.

खाजनांच्या आणि बांधांच्या शब्दांसाठी आपल्या उपसंपादकांनी एकदा दिवाडीत किंवा चोडणला एखाद्या जुन्या शेतकऱ्यासोबत बांधावरून फिरून यावे. कोणता बांध फुटला, कोणता फोडला आणि कोणता नुसता झिजला, यासाठी त्यांच्याकडे निरनिराळे शब्द मिळतील. टिपण तयार करण्याच्या कामात माझी मदत होणार असेल तर मी कोणत्याही कार्यालयात येऊन बसायला तयार आहे.

आपला,
डिचोलीचा एक निवृत्त मुद्रितशोधक